साहेब, ही गोष्ट वाचून दाखवता का?

'अलिबाग से आया है क्या?' हा समोरच्याला अडाणी ठरवणारा मुंबईकरांचा लाडका प्रश्न अपमानकारक आहे, त्यावर बंदी आणा, अशी याचिका २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. न्यायालयाने ती फेटाळली. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकूण सूर. आम्ही तो मानला. शनिवारी सकाळी मांडव्याच्या धक्क्यावर रो-रोतून उतरणाऱ्या गाड्यांची रांग बघितली, की अलिबागला यायची घाई नक्की कोणाला आहे ते तसंही दिसतंच.

पण प्रश्न उरतोच. अडाणी कोण, आणि ते ठरवायचं कसं?

त्यासाठी एक कागद आहे. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीत २००५ पासून तो देशभर फिरतोय. त्यावर थोडी सुटी अक्षरं असतात, थोडे सोपे शब्द असतात, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद असतो आणि दुसरीच्या पातळीची एक लहानशी गोष्ट असते. बस. जिल्ह्यातली तीस गावं, दर गावात वीस घरं. पाहणीवाली पोरं गावात येतात ती शक्यतो सुट्टीच्या दिवशी, आणि शाळेत न जाता थेट घरी जातात. ओटीवर मासळीची पाटी असेल तर ती बाजूला सारून बसायचं आणि मुलापुढे आधी परिच्छेद धरायचा. मूल वाक्य वाक्यासारखं वाचू लागलं, तीनापेक्षा जास्त चुकलं नाही, तर त्याला गोष्ट द्यायची. अडखळलं तर खाली उतरायचं : कुठलेही पाच शब्द, त्यातले चार बरोबर यायला हवेत. तेही जमलं नाही तर पाच अक्षरं, त्यातली चार. मूल जिथे थांबलं ती त्याची पातळी. इयत्ता कितवी, शाळा कुठली, दप्तर किती किलोचं, याला इथे किंमत नाही.

या पाहणीतली खरी हुशारी कोणती, तर घरी जाण्यात. परीक्षा शाळेत घेतली की शाळेत न आलेलं मूल कोणाच्याच टक्केवारीत येत नाही. गैरहजर मुलाइतकं सोयीचं मूल नाही. ते कोणाचा निकाल बिघडवत नाही. 'असर'वाले त्याला घरातून शोधून काढतात. आता तुम्ही म्हणाल, घरालाच कुलूप असेल तर? त्यावर येतोच आहे.

२०२४ च्या पाहणीचा अहवाल २८ जानेवारी २०२५ रोजी आला. देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीतल्या शंभर मुलांपैकी साधारण तेवीसजण दुसरीची गोष्ट वाचू शकले. याआधीच्या अशाच, म्हणजे २०२२ च्या पाहणीत हा आकडा सोळाच्या आसपास होता. दोन वर्षांत शंभरामागे सातांची झेप! पेढे वाटले गेले. उरलेल्या सत्त्याहत्तर जणांना पेढा मिळाला की नाही याची नोंद नाही.

हे दर वेळी ठरलेलं आहे. जानेवारीत अहवाल येतो. फेब्रुवारीत अग्रलेख येतात, मास्तरांना चार शिव्या बसतात. मार्चमध्ये परीक्षा, एप्रिलमध्ये बदल्या, मेमध्ये आंबे. जूनमध्ये नवी मुलं पहिलीत येतात आणि जुनी चौथीत जातात, त्याच जुन्या पातळीसकट.

तेव्हा आम्ही सुचवतो की यंदा हा कागद गावात न्यायच्या आधी मंत्रालयात न्यावा. केबिनमध्ये खुर्ची ओढून बसावं आणि साहेबांपुढे धरावा. घाबरवायचं नाही, घाई करायची नाही, चुकलं तर हसायचं नाही. मुलांसाठी जे नियम आहेत तेच, फक्त साहेबांना खालच्या पायरीपासून वर चढवू.

पहिली पायरी अक्षरांची. इथे साहेब पैकीच्या पैकी. एनईपी, एफएलएन, एससीईआरटी, डाएट, यू-डायस, पीजीआय. एका दमात म्हणतील, सहाच्या सहा बरोबर. पुढे जाऊ.

दुसरी पायरी शब्दांची. समता, गुणवत्ता, निपुण, सर्वसमावेशक. हेही येतं. कुठल्याही शासन निर्णयाच्या प्रस्तावनेत हे चार शब्द काढून दाखवता येतील. फक्त शब्द वाचता आला म्हणजे कळला असं नसतं, हे प्रत्येक प्राथमिक शिक्षकाला ठाऊक असतं. 'समता' हा शब्द घ्या. आमच्या रायगड जिल्ह्यात त्याला पत्ता आहे : चवदार तळं, महाड. मुंबई कायदेमंडळाच्या ज्या बोले ठरावाच्या आधारावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब त्या तळ्यावर गेले, तो १९२३ चा ठराव फक्त पाण्यापुरता नव्हता. सार्वजनिक पाणवठ्यांच्या बरोबरीने त्यात सरकारी शाळाही होत्या. तळं सगळ्यांच्या लक्षात राहिलं, शाळा राहिली नाही.

आणि बाबासाहेबांना तळ्यापर्यंत नेणाऱ्या महाडच्या परिषदेसाठी धडपडणारे रामचंद्र बाबाजी मोरे कोण होते? दासगाव बंदरात वाढलेला, शिष्यवृत्ती मिळवलेला मुलगा. तरी महाडच्या इंग्रजी शाळेने त्याला दार लावून घेतलं. वर्तमानपत्रात बोभाटा झाला, शाळेच्या अनुदानाचा प्रश्न निघाला, तेव्हा कुठे प्रवेश मिळाला, आणि तोही वेगळं बसवून. म्हणजे पोराला वाचता येत होतं, साक्षरतेत काही कमी नव्हती. कमी होती ती शाळेच्या बाकात. साक्षरता आणि समता या दोन वेगळ्या बैठकांतल्या दोन वेगळ्या फायली नाहीत, एवढं कळायला महाडपर्यंत जायचीही गरज नाही, पण जाऊन यावं.

आजची समता अधिक सुधारलेली आहे. खासगी शाळांत गरिबांच्या मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवण्याचा कायदा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. दार लावायचं आणि मग कोणीतरी ते उघडायला लावायचं, ही पद्धत मोऱ्यांच्या काळापासून फारशी बदललेली नाही. फक्त आता बोभाटा वर्तमानपत्राऐवजी न्यायालयात होतो.

असो. शब्द झाले. साहेबांना पुढे नेऊ.

तिसरी पायरी परिच्छेदाची. चार वाक्यं, सोपी, जोडाक्षरं थोडीच :

'दिवाळी झाली की कातकरीवाडीतलं घर बंद होतं. आईबाप वीटभट्टीवर जातात. धाकट्या भावाला सांभाळायला पोरगी सोबत जाते. जूनमध्ये ती परत येते तेव्हा ती पुढच्या वर्गात असते.'

इथे साहेब अडकतात. वाक्यं वाचतात, पण सुटी सुटी. पहिलं वाक्य आदिवासी विकासचं. दुसरं कामगार खात्याचं. तिसरं महिला व बालविकासचं. चौथं शालेय शिक्षणचं, आणि तेवढं एकच वाक्य वाचलं तर ते आनंदाचं आहे : मुलगी पुढच्या वर्गात गेली! चारही वाक्यं एका दमात वाचायला कोणी तयार नाही, कारण मग त्यातून अर्थ निघतो. अर्थ असा की वीटभट्टीचं वर्ष आणि शाळेचं वर्ष एकमेकांवर चढतात. शाळा जून ते एप्रिल, भट्टी दिवाळी ते मे. पोरीच्या वाट्याला शाळेचे महिने येतात चार-पाच, त्यातले पावसाळ्याचे जास्त, आणि ओढ्याला पाणी असलं की तेही कमी.

रायगडात कातकऱ्यांची वस्ती मोठी. केंद्र सरकारच्या यादीत ही जमात 'विशेष असुरक्षित' म्हणून नोंदलेली आहे. त्यांच्या स्थलांतराची गोष्ट कोणाला नवी नाही. कागदावर हंगामी वसतिगृह आहे, शिक्षण हमी कार्ड आहे. ते कार्ड घेऊन मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसू शकतं. कल्पना झकास. फक्त भट्टी गावाबाहेर असते, शाळा गावात असते आणि कडेवर भाऊ असतो. कार्ड कडेवरच्या भावाला सांभाळत नाही.

बरं, उपाय सापडलेला नाही असंही नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे न्यावी, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी कोसबाडला कुरणशाळा काढून दाखवलं. गुरं राखणारी पोरं कुरणात, म्हणून शाळा कुरणात. पुढे 'विधायक संसद' या संस्थेने वसई-ठाण्याकडच्या वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवून दाखवल्या. ही सगळी माणसं इथल्याच किनारपट्टीवर राबलेली. त्यांच्या नावाने पुरस्कार आहेत, जयंत्या आहेत. तसं तर आमच्याकडे चिंतामणराव देशमुखही आहेत. नाते गावात जन्मले, रोह्यात वाढले, १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. जिल्ह्यातल्या कुठल्याही शैक्षणिक कार्यक्रमात त्यांचं नाव निघालं नाही असं होत नाही. भट्टीवरची पोरगी मात्र त्या कार्यक्रमाला नसते. तिच्या नावापुढे हजेरीत काय असतं ते तपासायला हरकत नाही.

साहेब तिसऱ्या पायरीवरच थांबले. नियमाप्रमाणे इथे चाचणी संपते. पण आपण अलिबागचे, मन मोठं. गोष्टही पुढे धरून बघू.

ही गोष्ट जरा लांब आहे. साठच्या दशकात मॅक्सिन बर्नसन नावाच्या अमेरिकन बाई फलटणला येऊन राहिल्या. त्यांनी फलटणकरांच्या बोलण्यावर डॉक्टरेट केली : कुठल्या जातीतला, कुठल्या थरातला माणूस मराठी कशी बोलतो. इतर संशोधक असते तर प्रबंध छापून परत गेले असते. या बाई थांबल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि मंगळवार पेठेतल्या दलित मुलांना वाचायला शिकवू लागल्या. शाळेत जाणारी, वरच्या वर्गात गेलेली मुलं, पण वाचता न येणारी. बाईंनी काय केलं? 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत सगळी मिरवणूक काढत बसण्याऐवजी मोजकी अक्षरं आणि एखादी काना-मात्रा घेतली, की त्यातून लगेच शब्द व्हावेत, शब्दांची वाक्यं व्हावीत, आणि मुलाला पहिल्या काही दिवसांतच काहीतरी खरं वाचल्याचा आनंद मिळावा. १९८६ मध्ये त्यांच्या प्रगत शिक्षण संस्थेची कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. चाळीस वर्षं होत आली. फलटण अलिबागपासून मंगळ ग्रहाइतकं लांब नाही.

आता याचा आमच्या किनाऱ्याशी संबंध काय? आहे. आगरी-कोळी पोर पुस्तकात 'गाडी' बघतं आणि 'गारी' वाचतं. 'पाणी'चं 'पानी' करतं, 'शाळा'ची 'शाला' करतं. वर्गातल्या बाईंचं लाल पेन लगेच बाहेर येतं : चूक. पण जरा थांबा. जे मूल अक्षरामागून अक्षर उच्चारतं ते 'गा... डी' म्हणेल, आणि पुष्कळदा ती कशाची गाडी हे त्याला कळलेलंही नसेल. जे 'गारी' म्हणतं त्याने अक्षरं ओळखली, शब्द जोडला, डोळ्यापुढे गाडी आणली आणि ती आपल्या आईच्या भाषेत बोलून दाखवली. एवढं सगळं एका क्षणात केलं म्हणून त्याला शून्य! मग ते पोर काय शिकतं? तोंड बंद ठेवायला शिकतं. वर्गात पहिला नापास होतो तो आवाज.

कोर्लईत तर याहून पुढचं आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी आजही घराघरांत पोर्तुगीजपासून झालेली एक बोली बोलली जाते. ती बोलणारे तिला 'नौ लिंग', आपली भाषा, म्हणतात. १७४० मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले, भाषा मागे राहिली. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने अभ्यास करून १९९६ मध्ये तिच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. जगभरच्या विद्यापीठांत कोर्लई माहीत आहे. कोर्लईचं पोर पहिलीत मात्र थेट मराठीतच 'हजर' होतं, आणि पहिले काही महिने गप्प राहिलं तर 'लाजरं आहे' असा शेरा मिळवतं.

गोष्ट अजून आहे. पालघर जिल्ह्यातला वाडा आणि कर्नाटकातलं यादगीर इथे शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षं पहिली ते तिसरीच्या मुलांच्या मागे राहून मराठी आणि कन्नड वाचन कसं शिकवलं जातं ते पाहिलं. २०१७ मध्ये अहवाल आला. तिसरी संपतानाही बऱ्याच मुलांना साधा मजकूर वाचता येत नव्हता. आणि वर्गात काय चाललेलं? फळ्यावरची अक्षरं वहीत, वहीतली पुन्हा वहीत. अर्थ, गप्पा, गोष्टी, मुलाच्या घरची भाषा, हे सगळं उंबऱ्याबाहेर चपलांबरोबर काढून ठेवलेलं.

आणि मुंबईतली गोष्ट तर स्टॉकहोमपर्यंत गेली. महापालिकेच्या शाळांत मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना वस्तीतल्याच मुली, 'बालसखी' म्हणून, रोज थोडा वेळ वेगळं घेऊन बसायच्या. इयत्ता विसरून, मूल जिथे आहे तिथून. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि मंडळींनी मुंबई-वडोदऱ्यात त्याचा रीतसर अभ्यास केला; फरक दिसला. पुढे २०१९ मध्ये दोघांना नोबेल मिळालं, त्यामागच्या कामात हेही एक. आज आफ्रिकेतले देश ही पद्धत शिकून घेतायत. आम्ही अभिनंदनाचा ठराव केला.

संशोधकांनाही एक टोला द्यायला हवा, नाहीतर ते म्हणतील फक्त सरकारलाच झोडता. यातलं बहुतेक लिखाण इंग्रजीत आहे. ज्या गुरुजींनी ते वर्गात वापरायचं, त्यांच्या हातात ते तीन वर्षांनी, तीन हातांनी, एका पीपीटीच्या अकराव्या स्लाइडवर पडतं. साक्षरतेवरचं संशोधन शिक्षकाला वाचता येऊ नये, यासारखी गंमत नाही. शिवाय गुरुजी तेव्हा मतदार यादी दुरुस्त करत असतात, पोषण आहाराचा तांदूळ मोजत असतात किंवा ऑनलाइन माहिती भरायला गच्चीवर रेंज शोधत असतात.

तर एवढी लांब गोष्ट साहेबांपुढे धरली. त्यांनी काय वाचलं?

२८ जानेवारी २०२५ ला अहवाल सांगतो की तिसरीतल्या बहुतेक मुलांना स्वतःच्या भाषेतली गोष्ट वाचता येत नाही. १६ एप्रिल २०२५ ला शासन निर्णय निघतो की पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी. महाराष्ट्र पेटला, जूनमध्ये 'अनिवार्य'चं 'सर्वसाधारणपणे' झालं, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे. अडीच महिने राज्यभर भाषेवर भांडण झालं. दोन्ही बाजूंनी. त्यात 'मुलांना पहिली भाषा तरी वाचता येते का' हा प्रश्न किती जणांनी विचारला? आम्ही कान देऊन होतो. फार आवाज आला नाही.

आणि त्याआधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, दुसरी हुशारी : समूह शाळा. वीसपेक्षा कमी पट असलेल्या राज्यातल्या चौदा हजारांहून अधिक शाळा, त्यात शिकणारी पावणेदोन लाखांहून जास्त मुलं. त्यांना एकत्र करून मोठ्या शाळेत नेऊ, गाडीची सोय करू. उदाहरण पानशेतचं आणि तोरणमाळचं. अशा शाळांच्या यादीत कोकण वरच्या नंबरावर, कारण आमच्या वाड्याच लहान. कोकणी माणसाने एकमेकांपासून अंतर राखून घरं बांधली, त्याची शिक्षा पोरांना.

नकाशावर हे छान दिसतं. नकाशावर रेवस आणि करंजाही समोरासमोर आहेत. मधे धरमतरची खाडी आहे, तरीतून गेलात तर हाकेच्या अंतरावर, आणि रस्त्याने निघालात तर वडखळ-पेण फिरून या. किनाऱ्यावर अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, भरती-ओहोटीत मोजतात. कायदा म्हणतो प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत. तो कायदा करताना निदान कोणीतरी सहा वर्षांच्या पोराचे पाय डोळ्यापुढे आणले असावेत.

शिवाय लहान शाळेत उरतं कोण? ज्यांना परवडतं ते टाय लावून इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसतात. बंगल्यांवर, रिसॉर्टवर चार पैसे मिळू लागले की पहिली खरेदी टायची. उरतात ते कातकरी, ज्यांच्याकडे होडी नाही असे कोळी, शेतमजूर. म्हणजे ज्यांना शाळा सगळ्यात जास्त लागते तेच. आणि शाळा बंद करायची ती नेमकी त्यांची, पट कमी आहे म्हणून. जे. पी. नाईकांनी १९७५ मध्येच पुस्तक लिहून ठेवलंय की समता, गुणवत्ता आणि संख्या हा भारतीय शिक्षणातला हाती न लागणारा त्रिकोण आहे. साहेबांनी त्यावर तोडगा काढला : त्रिकोणातली संख्या तेवढी धरली, आणि ती कमी भरली म्हणून उरलेला त्रिकोणच पुसायला घेतला.

निकाल जाहीर करतो. अक्षरं : येतात. शब्द : येतात, अर्थासह नाही. परिच्छेद : वाचता येत नाही. गोष्ट : समोर धरली, साहेबांनी शेवटच्या पानावर सही केली आणि 'कार्यवाहीस्तव' म्हणून खाली पाठवली.

तेव्हा साहेबांची वाट बघू नका. तुमच्या गावातल्या शाळेला शाळा व्यवस्थापन समिती आहे. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. पुढच्या बैठकीला जा. रंगरंगोटी आणि स्नेहसंमेलनाचा विषय निघायच्या आधी दोनच प्रश्न विचारा. तिसरीत मुलं किती, आणि त्यातली कोण कोण गोष्ट वाचतात? दिवाळीनंतर भट्टीवर कोण कोण जाणार, आणि त्यांचं काय ठरलंय? आकडा घेऊ नका, नावं घ्या. नावं सांगता आली नाहीत तर कागद तुम्हीच घेऊन जा. एका पानाचा आहे, झेरॉक्सला दोन-तीन रुपये पडतात.